वरून खाली सोडलेली तार

जांभ्या चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडायला घेतलं की पहिले दोन इंच ड्रिल सहज आत जातं आणि मग एकदम अडतं. चिऱ्याच्या पोटात कुठे पोकळी असते, कुठे लोखंडासारखी गाठ. भोक सरळ जाईल याची खात्री नसते. त्यामुळे ड्रिल लावायच्या आधी मी पलीकडच्या खोलीत जाऊन बघून यायचो. तिथे पाळणा आहे का, कपाट आहे का, देवाचा फोटो आहे का. माझा जोडीदार विलास या सवयीला हसायचा. "जाधव, तू भोक पाडतोस की ऑपरेशन करतोस?" म्हणायचा. मी मुळातच भित्रा माणूस. या धंद्यात भित्रा माणूस टिकतो, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

धंदा म्हणजे कॉम्प्युटरची केबल टाकणं. आय.टी.आय. करून मी टीव्ही दुरुस्त करत होतो. अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीत कॉम्प्युटरचे क्लास सुरू झाले तेव्हा एका क्लासवाल्याने विचारलं, "दहा मशीन एकमेकांना जोडायचीत, जमेल?" मी हो म्हणालो आणि घरी येऊन पुस्तक उघडलं. तिथून हे सुरू झालं. पुढे दुकानं, दवाखाने, पतपेढ्या आणि दोन हजार चार-पाचनंतर घरं. फोनच्या तारेतून इंटरनेट येऊ लागलं होतं. फोन तळमजल्याच्या हॉलमध्ये असायचा आणि कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर, मुलांच्या खोलीत. आता लोक विचारतील की मग बिनतारी का नाही केलं? ते यंत्र तेव्हा महाग होतं, आणि वीतभर जाड चिऱ्याच्या भिंती नि वर स्लॅब, यातून ते पार होतच नसे. म्हणून एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर तारच न्यायची.

ही तार बोटाएवढीही जाड नसते. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या जोडीने पिळलेल्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची एक पांढरट जोडीदारीण. त्या ठरलेल्या क्रमाने प्लॅस्टिकच्या पारदर्शक टोपीत सारायच्या आणि हत्याराने दाबायच्या. एक तार इकडची तिकडे झाली की काहीच चालत नाही. मी डोळे मिटून तो क्रम लावू शकायचो आणि याचा मला, खोटं कशाला सांगू, गर्व होता.

एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. केबल त्यांच्या पलंगावरून जाऊ देईनात. झोपेत करंट डोक्यात उतरेल म्हणायचे. मी त्यांच्यासमोर तारेची उघडी टोकं जिभेला लावून दाखवली. "साहेब, या तारेत मुंगी मारायचीसुद्धा ताकद नाही." तरी त्यांनी दहा फूट केबल जास्त खर्ची घालून ती पलंगाला वळसा घालून नेली. मी बाहेर येऊन विलासला ते हसत हसत सांगितलं. म्हणजे माझ्याहून भित्रा माणूस भेटला की मीही हसायचो.

आणि भीती खरीही ठरायची. एकदा दोन इमारतींच्या मध्ये हवेतून केबल ओढली होती. तसं करू नये, हे मला माहीत होतं. मे अखेरच्या दुपारी आभाळ भरून आलं. मी टोपी बसवून हात पुसत बाजूला झालो आणि वीज कडाडली. पलीकडच्या इमारतीवर पडली असावी. टेबलावरच्या चार कॉम्प्युटरमधून एकाच वेळी जळका वास आला. पाच मिनिटं आधी ती टोपी माझ्या दोन बोटांत होती. मी त्या दिवशी काम तसंच टाकून घरी गेलो आणि दोन दिवस हत्यारांच्या पिशवीला हात लावला नाही.

पण मला सांगायचं आहे ते नसीमभाभींच्या घराचं.

मांडवीच्या अलीकडे त्यांचं दुमजली घर. मालक इस्माईलभाई बहरीनला, जहाजं दुरुस्त करतात त्या गोदीत इलेक्ट्रिक फिटर. वीस वर्षांच्या कमाईतून बांधलेलं घर. खाली संगमरवर, भिंतींना नुकताच रंग. घरात तिघीच, नसीमभाभी, त्यांच्या सासूबाई, ज्यांना सगळे अम्मा म्हणायचे, आणि बारावीतली मुलगी सना. कॉम्प्युटर सनाच्या खोलीत, वर. इस्माईलभाई दर शुक्रवारी तिथल्या एका नेट कॅफेत बसणार आणि कॅमेऱ्यातून घरच्यांशी बोलणार, असं ठरलं होतं. दोन वर्षं त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

श्रावणातली ती सकाळ. विलासच्या मामाचं कार्य होतं म्हणून तो गावी गेलेला. काम पुढे ढकलायला हवं होतं. पण शुक्रवार उद्यावर आलेला, आणि नसीमभाभींनी दोनदा फोन केला होता. मी एकटाच गेलो.

मी स्लॅबला कोपऱ्यात भोक पाडून तार खाली आणणार होतो. भाभींनी हात जोडले. "भाऊ, रंग दिलेला महिनासुद्धा झाला नाय. साहेब आले नि भोक दिसलं तर मला बोलतील. भिंतीत लाइटीचे पाइप आहेत ना, त्यातून न्या की."

भिंतीतल्या विजेच्या पाइपातून आपली केबल न्यायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. एक तर सिग्नल बिघडतो. दुसरं कारण सांगायला नको. मी त्यांना नाही म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. मग मीच म्हणालो, "बघू. मेन स्विच बंद करून करता येईल."

मेन स्विच बंद केला. हॉलमधला पंखा मंदावत मंदावत थांबला. मी त्याच्याकडे बघत उभा होतो. थांबला, म्हणजे घरातली वीज गेली, असं मी धरून चाललो. खिशात टेस्टर होता. तो काढून बोर्डातल्या तारांना लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी लावला नाही. का नाही लावला, याचं उत्तर मी अजून शोधतोय. रोज शंभर वेळा घाबरणारा माणूस मी, त्या दिवशी मला घाई होती आणि पंखा थांबलेला दिसला, एवढंच.

जिन्याच्या वरच्या टोकाला एक स्विचबोर्ड आणि बरोबर त्याच्या खाली, तळमजल्यावर दुसरा. दोन्हींमध्ये भिंतीतून पाइप. दोन्ही बोर्ड मी खोलले. वरून एक कडक लोखंडी तार पाइपात सारत खाली न्यायची, खाली ती कुणीतरी पकडून बाहेर ओढायची, मग तिच्या टोकाला केबल बांधून परत वर घ्यायची. खाली पकडायला एरवी विलास असायचा.

"मी धरते की," भाभी म्हणाल्या.

"जमेल? घाबरायचं काही नाही. आपल्या तारेत करंटच नसतो," मी म्हणालो. मुंगीचं वाक्यही म्हणालो. त्या हसल्या.

मी वर गेलो. बाहेर पाऊस लागला होता, पत्र्यावर धो धो आवाज. मूठ प्लॅस्टिकची असलेल्या पकडीत तार धरून मी ती पाइपात सारू लागलो. वाटेत एका जागी ती अडली. मी थोडी मागे घेतली, पिळली, पुन्हा सारली. काहीतरी घासल्यासारखं झालं आणि ती सुटली. आणखी हातभर खाली गेली, आणि तिला खालून हलका झटका बसला. भाभींनी टोक पकडलं होतं.

"आली का?" मी ओरडलो.

उत्तर नाही.

"भाभी, आली का?"

तार पकडीत थरथरत होती. मला वाटलं, त्या ओढतायत. मीही जरा सैल सोडली. पण तार खाली जाईना. ताठ राहिली आणि थरथरत राहिली. पावसाच्या आवाजात ऐकू येत नसेल म्हणून मी वाकून पाइपाच्या तोंडाशी तोंड नेऊन तिसऱ्यांदा हाक मारली. माझा आवाज त्या पाइपातून खाली गेला असणार.

मग अम्मांचा आवाज आला. "नसीम, गो नसीम!" आणि लाकडावर काहीतरी फटकन आपटल्यासारखा आवाज. पकडीतली तार एकदम ढिली झाली.

जिना मी कसा उतरलो ते आठवत नाही. भाभी फरशीवर पडल्या होत्या. डोळे अर्धे उघडे, दात आवळलेले, उजव्या तळव्याला काळी रेघ. अम्मा काठी हातात धरून उभ्या होत्या, ऐंशीच्या घरातली बाई. मागच्या खोलीतून पाण्यासाठी बाहेर आल्या तेव्हा त्यांना सून बोर्डाशी खिळलेली दिसली. एक हात तारेवर, दुसरा बोर्डाच्या पत्र्याच्या पेटीवर. अम्मांनी तिला हात लावला नाही. काठी उचलून तिच्या मनगटावर सगळ्या जोराने हाणली.

"हात मोडला तर मोडू दे म्हटलं," त्या मला म्हणाल्या.

मला काही येत नव्हतं. प्रथमोपचाराचा तक्ता आय.टी.आय.च्या भिंतीवर होता, एवढंच आठवत होतं. मी भाभींच्या तोंडाशी कान नेला. श्वास नव्हता, की मला ऐकू येत नव्हता, कोण जाणे. मी त्यांच्या छातीवर हात ठेवायला घेतला आणि कचरलो. परक्या घरातली बाई. तेव्हा अम्मा ओरडल्या, "दाब रे बाबा, बघतोस काय!" मी दाबलं. किती वेळा, बरोबर की चूक, देव जाणे. भाभींच्या घशातून घरघर आली आणि त्यांनी श्वास घेतला.

त्याच वेळी मागच्या खोलीच्या उघड्या दारातून मला ते दिसलं. अम्मांच्या पलंगावरचा पंखा फिरत होता.

मेन स्विच बंद, आणि पंखा फिरतोय. वर, कपड्यांच्या कपाटामागे इन्व्हर्टर होता. भारनियमनात अम्मांना उकडतं म्हणून महिन्यापूर्वीच बसवलेला. त्याच्यावर अम्मांची खोली, स्वयंपाकघर आणि जिन्यावरचा दिवा. जिन्याच्या दिव्याची तार त्याच पाइपातून जात होती, आणि पाइपाच्या मध्यावर कुणीतरी तिला जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळली होती. माझ्या लोखंडी तारेने ती खरवडली. मी मेन बंद केला तेव्हाच इन्व्हर्टरने त्या तारेत वीज सोडली होती. भाभींना इन्व्हर्टर माहीत होता, पण तो मला सांगायला हवा हे त्यांना कसं कळणार? विचारायचं काम माझं होतं.

शेजारच्यांनी रिक्षा आणली. भाभींचं डोकं अम्मांच्या मांडीवर. मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर बसलो, भिजत. पूर्ण वाटेत मी एकदाही मागे वळलो नाही. मागून अम्मांचं पुटपुटणं ऐकू येत होतं, तोवर ठीक होतं. एकदा, चढावर, ते थांबलं. तेवढ्या वेळात मी काय काय बघितलं ते लिहीत नाही. मग अम्मा खोकल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"शॉक लागला," अम्मा म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"माझ्यामुळे लागला," मी म्हणालो. माझा आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

हृदयाचा आलेख काढला. वीज एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून गेली होती. चोवीस तास लक्ष ठेवावं लागेल, ठोका आताही चुकू शकतो, असं ते म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसलो. सना कॉलेजातून आली. तिला कुणीतरी सगळं सांगितलं असावं. ती माझ्या समोरून आत गेली. दार लोटलं गेलं. दर वेळी नर्स बाहेर आली की मी उठून उभा राहायचो. पोलीस येतील, भाभींचे भाऊ येतील, याची भीती वाटत होती. पण त्याहून मोठी भीती त्या दाराची होती. मी संध्याकाळी घरी गेलो. बायकोने ताट वाढलं. माझ्याकडे बघून तिने ते पुन्हा झाकून ठेवलं.

भाभी वाचल्या. तिसऱ्या दिवशी घरी आल्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. मनगटाचं हाड अम्मांच्या काठीने चिरलं होतं. तळव्याचं कातडं जळालं होतं, आणि डॉक्टर म्हणाले, करंगळीशेजारचं बोट पहिल्यासारखं होईल की नाही सांगता येत नाही.

मी भेटायला गेलो. वाटलं होतं, दारातून परत पाठवतील. अम्मांनी आत बोलावलं, चहा दिला. भाभी पलंगावर बसून म्हणाल्या, "भाऊ, काम अर्धं राहिलंय. गेला शुक्रवार चुकला. साहेब तिकडे कॅफेत बसून बसून परत गेले. सनाने फोनवर सांगितलं, लाइन बिघडलीय."

"म्हणजे त्यांना माहीत नाही?"

"परमुलखात माणूस. काय करणार? नोकरी टाकून येतील."

दुसऱ्या दिवशी विलासला घेऊन मी गेलो. आधी मेन बंद केला, मग इन्व्हर्टर, मग त्याच्या बॅटरीची वायर काढली, आणि मग प्रत्येक बोर्डाला टेस्टर लावत फिरलो. पाइपातला तो जोड काढून तिथे नवी, अखंड तार घातली. मग आमच्या केबलसाठी कोपऱ्यात स्लॅबला भोक पाडलं. रंगाचा टवका उडाला. भाभी खाली बसून बघत होत्या.

शुक्रवारी दुपारी मी वरच्या खोलीत होतो. टोपी बसवली, दिवा लागला. पडद्यावर आधी चौकोन, मग अडखळत अडखळत एक चेहरा. पांढरी झालेली दाढी, डोळ्यांवर चष्मा. सना रडायला लागली. अम्मांनी पडद्याला हात लावला. मी टेबलाखाली, प्लगपाशी, गुडघ्यांवर बसलेला.

"हाताला काय झालं गो?" इस्माईलभाईंचा आवाज आला.

भाभींनी पट्टीचा हात मांडीवर ओढून घेतला.

"तेल उडालं. पापलेट तळताना," भाभी म्हणाल्या.

"एवढं?"

"कढईच कलंडली."

तेव्हा उभं राहून सांगायला हवं होतं. मी तिथेच बसून राहिलो, केबल हातात धरून. तिच्या टोकाशी दिवा लुकलुकत होता. अम्मांनी एकदा खाली माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात इस्माईलभाई रजेवर आले. मला बाजारात कळलं. चार दिवस मी टाळलं. पाचव्या दिवशी सकाळी दुकान न उघडता सरळ त्यांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पंखा, टेस्टर, पाइप, काठी. कॅमेऱ्यासमोर गप्प बसलो, तेही.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तेलाचा डाग असा नसतो. मी आल्या दिवशीच ओळखलं. वीस वर्षं मी हेच काम करतो. गोदीत आम्ही स्विच बंद करतो, त्याला कुलूप लावतो, वर पाटी लावतो की माणूस काम करतोय, आणि तरीसुद्धा टेस्टर लावतो. तुझ्या खिशात टेस्टर होता?"

"होता."

"आणि लावला नाहीस."

"नाही."

"मला तुझा राग आहे," ते म्हणाले. "तो जाईल की नाही, मला माहीत नाही. पण माझ्याकडे काय आलायस? हात तिचा आहे. आत जा."

भाभी स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. ते एक बोट वाकडंच राहिलं होतं, भाकरीवर त्याची खूण उमटत होती. मी माफी मागितली. ती मी कधी मागितलीच नव्हती, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

त्या थापायच्या थांबल्या. "बोटाचं काय नाय भाऊ. सवय झाली," म्हणाल्या. "तुम्ही वरून हाका मारत होतात ना, आली का, आली का, त्या मला ऐकायला येत होत्या. तिन्ही. मी मनात म्हणत होते, आली, आली, सोडवा. तोंडच उघडत नव्हतं. तेवढं अजून झोपेत येतं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "बसा. एक खाऊन जा."

मी बसलो. एक भाकरी खाल्ली.

त्यानंतर बारा वर्षं मी हे काम केलं. पाइपात तार सारली की मी वरून हाक मारत नसे. पकड खाली ठेवायचो, जिना उतरायचो आणि स्वतः जाऊन बघायचो. मग पुन्हा वर चढायचो. एका घरात जिन्याच्या अशा वीस-वीस फेऱ्या व्हायच्या. गुडघे गेले, ते त्यानेच गेले असं डॉक्टर म्हणतात.